आंदणातला बासष्टावा नग

लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सिहोऱ्याच्या केशवरावांनी ओसरीवर आंदण मांडून मोजलं, तेव्हा ते एकसष्ट नग भरलं. ताटं अकरा, वाट्या अकरा, पेले अकरा. चमचे बारा, कारण दुकानदार डझन फोडायला तयार नव्हता. पितळी गुंड दोन, हंडा एक, बादल्या दोन, परात एक, कढई एक, पळ्या तीन. मग पलंग, गादी, टेबलफॅन, रेडिओ आणि मनगटी घड्याळ. शाळेचे केवळराम गुरुजी एकेक वस्तू हातात घेऊन, फिरवून पाहत आणि मगच यादीत उतरवत. ही यादी दुसऱ्या दिवशी मांडवात चारशे माणसांपुढे वाचायची होती. चमच्यांच्या दांड्या सरळ आहेत की नाहीत, हेही त्यांनी एका डोळ्यानं तपासलं.

एकसष्टावा नग होता कपड्यांची पेटी. पेटीत नऊ पोलकी, सहा परकर, चार उशांच्या खोळी, दोन सदरे आणि दोन पायजमे होते. हे तेवीस कपडे शकुनबाईनं दीड महिना खपून शिवले होते. गुरुजींनी पेटीचं झाकण उघडलं, परत लावलं आणि लिहिलं, ‘पेटी, कपड्यांसकट, एक.’

दारामागून शकुनबाई म्हणाली, “बाई, चमचे एकेक मोजले, अन् पोलके कायले नाही मोजले?”

“चमचे इकत आणले वो,” केशवरावांच्या पत्नी चंद्रभागाबाई म्हणाल्या. “पोलके तं घरचेच हायेत.”

हिशेब चोख होता. घरच्या विहिरीचं पाणी कोणी मोजतं का?

शकुनबाई म्हणजे केशवरावांच्या धाकट्या भावाची, यादोरावांची बायको. एकसष्ट साली ती बपेऱ्याहून लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या बापानं आंदणात पायाचं शिलाई मशीन दिलं होतं. आता एकोणऐंशी साल चाललं होतं. या अठरा वर्षांत त्या घरातला लंगोटापासून झालरीपर्यंत प्रत्येक कपडा त्याच मशीनखालून गेला होता. घरात तिच्या नावाची दुसरी वस्तू नव्हती. जमीन भासऱ्यांच्या म्हणजे केशवरावांच्या नावावर होती, भांड्यांवर सासूचं नाव कोरलेलं होतं, आणि नवरा तिचा असला तरी तो भावाला विचारल्याशिवाय शिंकत नसे. एवढं सगळं शिवूनही “तुमची शकुन काय करते?” असं कोणी विचारलं तर घरातून उत्तर ठरलेलं असे, “काही नाही, बसली रायते मशीनवर.”

यादी झाली तरी केशवरावांच्या मनाला चैन पडेना. जावई हिरालाल जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला होता. क्वार्टर, पाणी, लाइट, कारखान्याची बस, सगळं सरकारी. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तिकडं जाऊन आलेल्या कोणीतरी सांगितलं होतं, की त्या क्वार्टरांमध्ये घरोघर शिलाई मशीन असतं.

केशवराव खांबाकडं पाहून बोलले. भासरा आणि धाकट्या भावाची बायको यांनी एकमेकांशी थेट बोलायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून शकुनबाईला काही सांगायचं असलं की ते खांबाला सांगत. अठरा वर्षांत त्या खांबानं बरंच ऐकून घेतलं होतं.

“मशीन तं घरात हायच. तेल पाजा, पॉलिश मारा, लावा हार. नवीच दिसते.”

गुरुजींनी लिहिलं, ‘बासष्ट. शिलाई मशीन, पायाचे, नवे.’

शकुनबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि जाऊबाईंना विचारलं, “सत्यवतीले सुईत दोरा तरी ओवता येते का?”

नवरी सत्यवती मेंदी पाहत बसली होती. ती म्हणाली, “मले कायले पायजे ओवणं? त्याच्यावर रेडिओ ठेवाले होते न.”

शकुनबाईनं मग नवऱ्याला गाठलं. “ते माह्या बापानं देली हाय. गेली तं मी काय करू?”

यादोराव भला माणूस. त्यानं खरोखर विचार केला. “हातानं शिवत जाजो न. हातचा टाका पक्का रायते, असं तूच तं म्हणते.” वर म्हणाला, “अन् भाऊ म्हणून रायला तं आता मी काय बोलू?”

संध्याकाळपर्यंत मशीनला पॉलिश झालं, हार पडला, हळदकुंकू लागलं. हळदकुंकू लागलेल्या आंदणाला मग घरच्यांनी हात लावायचा नसतो. शकुनबाई लांबून पाहत राहिली. पॉलिश उलट्या हातानं मारलं होतं, तेवढं तिला दिसलं.

आता नवरदेवाच्या कपड्यांचं सांगितलं पाहिजे. ते मुलीकडून शिवायचे असतात, आणि मापासाठी मुलाकडून त्याचा अंगावरचा एक जुना कपडा येतो. शिंप्यानं जाऊन जावयाच्या छातीला टेप लावणं बरं दिसत नाही. जवाहरनगरहून महिन्यापूर्वी मापाला आली ती नागपूरच्या दुकानातली रेडिमेड सफारी. घरात ती हातोहात फिरली. चंद्रभागाबाईंनी तिच्या शिवणीवरून असं बोट फिरवलं, जसं काही ते टाके देवानं घातले होते.

शकुनबाईनं तीच सफारी उजेडात धरली. कॉलरच्या आत घामाची रेघ नव्हती. कोपरांशी वळ्या नव्हत्या. काजांचा दोरा अजून ताठ होता, म्हणजे त्यांतून बटण फार तर दोनदा गेलं असेल. काखेशी नाक नेलं तर नुसता खळीचा वास.

“बाई, हे नवरदेवाच्या आंगावरची नाही. कोनाची तरी उसनी आणली हाय. त्याचा एखादा घामेजला सदरा मागवा.”

“घामेजला सदरा मागाचा? व्याह्याले?” चंद्रभागाबाईंनी कपाळावर हात मारला. “तुमचं माप खोटं हाय म्हणाचं का तोंडावर? सोयरीक तोडाले लावते का वो? आलं त्या मापानं शीव गुमान.”

“पोरगा केवढा हाय पण?”

“चांगला भरला हाय,” यादोरावांनी सांगितलं. साक्षगंधाला तोच गेला होता. शकुनबाई त्या दिवशी घरी नवरीच्या पोलक्यांना बाह्या जोडत होती. मुलाकडच्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ते त्यामुळंच.

तिनं आलेल्या मापानं सफारी शिवली. छाती अडतीस. फक्त बाजूच्या शिवणींच्या आत मिळून साडेतीन इंच कापड जास्तीचं दडवलं, पॅंटच्या मागच्या शिवणीत तीन इंच, आणि बाह्या खाली दुमडून ठेवल्या. चंद्रभागाबाईंनी उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, “किती ढिगारा कापड वाया घातलं. रेडिमेडात असं नाही रायत.”

रेडिमेडात तसं राहत नाही, हे खरंच होतं.

लग्नाच्या दिवशी तीनच्या सुमारास वरात आली आणि जानोशाला, म्हणजे शाळेच्या मोठ्या खोलीत, उतरली. मुहूर्त गोरज, सहा वाजून बारा मिनिटांचा. चार वाजता जानोशातून माणूस धावत आला. नवरदेवाची पॅंट मांडीच्या वर सरकत नव्हती, आणि सफारीचं एक बटण लावलं की दुसरं आपोआप उघडत होतं.

केशवराव अनवाणी पळाले. तिथं व्याही कृष्णराव खुर्चीवर बसून वारा घेत होते, आणि विहीणबाई, बेबीबाई, सफारी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवत होत्या.

“घरी शिवलं म्हणजे असंच होते,” बेबीबाई म्हणाल्या. “आमी तं कसं बरोब्बर माप पाठवलं होतं!”

हिरालाल बनियनवर बसला होता. तो सरळ पोरगा. तो म्हणाला, “आई, ते सायबाची होती न? तूच तं शेजारून मांगून आणली. माहा सदरा फाटका हाय म्हणे.”

“तू चूप रे,” बेबीबाई म्हणाल्या.

जानोशात खूप माणसं होती. पण कोणालाच काही ऐकू आलं नाही.

केशवराव घरी आले आणि खांबाशी बोलले. आवाज बराच खाली आला होता. “सांगा तिले. लग्न अडून रायलं. ढिल्ली होते का म्हणा.”

“होते,” शकुनबाईनं जाऊबाईंना सांगितलं. “पण हातानं कराले रात्र होईन. मशीन लागते.”

मशीन मांडवात हार घालून उभं होतं. केशवराव एक क्षण घुटमळले. आंदणाची वस्तू द्यायच्या आधी वापरली असं व्याह्यांना दिसलं, तर नव्या मालाची नवलाई जागच्या जागी जाणार. त्यांनी स्वतःच्या हातानं हार काढला, कुंकू पुसलं, आणि मशीनवर चादर टाकून दोन गड्यांकडून ते मागच्या वाटेनं शाळेत नेलं. मागून शकुनबाई, पदर नाकापर्यंत.

“हे मशीन कोनाची?” कृष्णरावांनी विचारलं.

“शिंपिणीची,” केशवराव चटकन म्हणाले. “गावातली हाय. तिची ते घेऊन आली.”

शकुनबाईनं हे ऐकलं. पदरामागं तिचं तोंड कसं झालं ते कोणी पाहिलं नाही. ती स्टुलावर बसली, पट्टा चाकावर चढवला आणि हिरालालला म्हणाली, “उभे राहा जी.” छाती साडेचाळीस निघाली. तिनं शिवणी उसवल्या, आतलं कापड मोकळं केलं, जुन्या घड्यांवर पितळी तांब्यात निखारे घालून तो फिरवला, आणि पाय हलवायला सुरुवात केली. पाऊण तास खोलीत दुसरा आवाज नव्हता. कारखान्यात नोकरी करणारे चार वराती तिच्याभोवती उभे राहून मशीन कसं चालतं ते एकमेकांना समजावून सांगत होते. चौघांचं चार प्रकारचं होतं आणि चारही चूक होतं.

मधेच केशवराव दारात आले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण सांगायला इथं खांब नव्हता. त्यांना पाहताच शकुनबाईनं पदर आणखी ओढला.

“तुमची शिंपीण लयच लाजाळू हाय जी,” बेबीबाई म्हणाल्या. “जशी काही घरचीच सून.”

केशवराव खोकले.

साडेपाचला हिरालालनं सफारी घातली. सगळी बटणं लागली आणि लागलेलीच राहिली. तो खाली बसला, उठला, दोन्ही हात वर करून पाहिले.

“वा!” कृष्णराव म्हणाले. “आता कशी दिसते! एकदम रेडिमेडवानी!”

यापेक्षा मोठी पदवी त्यांच्याकडं नव्हती. मग त्यांचा हात खिशाकडं गेला. “बाई, मजुरी काय घेशील?”

शकुनबाई उभी राहिली. गेले दोन दिवस जे बोलायला तिला खांब, नवरा किंवा जाऊबाई लागत होत्या, ते आता लागणार नव्हतं. शिंपिणीला कोणाशीही बोलता येतं.

“मजुरी नको जी. पण मशीन लय जड हाय, अन् माह्याच पोटापाण्याची हाय. तुमचे दोन माणसं द्या, माह्या घरी पोचवून देतीन.”

“दोन कायले, चार घेऊन जा,” कृष्णराव म्हणाले. “कामाची बाई हाय. केशवराव, कोठं रायते हे?”

चार वराती, बेबीबाई, कृष्णराव आणि नवी सफारी घातलेला जावई केशवरावांच्या तोंडाकडं पाहत होते. ही माझ्या भावाची बायको, असं म्हणावं, तर घरची सून जानोशात शिंपीण म्हणून बसवली होती. मशीन आंदणातलं, असं म्हणावं, तर ते अठरा वर्षांचं जुनं आणि तेही दुसरीच्या आंदणातलं. केशवरावांनी दोन्ही वाटा पाहिल्या.

“आमच्याच घरामागं,” ते म्हणाले. “मागच्या खोलीत.”

वरातीतल्या चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी मशीन उचललं आणि वाजंत्री सुरू व्हायच्या आत यादोरावांच्या खोलीत, खिडकीजवळ, तिनं बोट दाखवलं तिथं ठेवलं. जाताना एकानं विचारलं, “बाई, जवाहरनगरले येशील का? लय काम भेटन.” ती म्हणाली, “घरचंच आटपत नाही जी.”

सहा बाराला लग्न लागलं. जेवणाआधी केवळराम गुरुजींनी आंदण वाचलं. चमचे बारा म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी वाहवा केली. एकसष्टला पेटी आली. गुरुजींनी पुढची ओळ पाहिली, तोंड उघडलं, मग मांडवातल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि मग केशवरावांकडं. केशवराव मांडवाचं छत निरखत होते.

“एवढंच,” गुरुजी म्हणाले.

“भरपूर झालं,” कृष्णराव मोठ्या मनानं म्हणाले. “मशीन नाही देली तं बरंच केलं. आमच्याकडं सारे रेडिमेडच घालतेत.”

रात्री चंद्रभागाबाई शकुनबाईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “भरल्या मांडवात यांचं नाक कापलं तू.”

“मी कोठं कापलं, बाई? शिंपीण मले त्यांनीच म्हटलं.”

चंद्रभागाबाई आत आल्या. मग काखेतलं गाठोडं त्यांनी मशीनवर ठेवलं. “हे माहे दोन पोलके काखेत तंग होऊन रायले. सकाळी पाहजो.”

आठ दिवसांनी जवाहरनगरहून सत्यवतीची चिठ्ठी आली. सोबत कापडाचे चार तुकडे होते. सासूबाईंना त्या शिंपिणीच्याच हातचे कपडे पाहिजेत, पण ती आपल्या घरची आहे हे त्यांना सांगू नये, असं तिनं लिहिलं होतं.

त्या वैशाखापासून दिवाळीपर्यंत मशीनवर चौसष्ट कपडे शिवून झाले. त्यांतले एकेचाळीस केशवरावांच्या घरचे आणि तेवीस जवाहरनगरचे होते. या वेळी ते शकुनबाईनं एकेक मोजले होते.