नंतर काढू म्हणून ठेवलेली पिवळी ओळ

मी एक पिवळी ओळ बोलतेय. संगणकावर प्रोग्राम लिहिणारे मला ओळखतात, निदान तोंडओळख तरी असतेच. त्यांचं काम चालू असताना मी पडद्याच्या तळाशी उमटते आणि सांगते, "हे फंक्शन वापरू नका, धोक्याचं आहे. त्याऐवजी नवीन वापरा." एवढंच मला बोलता येतं.

मला जन्म दिला एका बाईंनी. नोकरी सांभाळून त्यांनी एक लायब्ररी लिहिली होती, म्हणजे एकेक ठरलेलं काम करून देणाऱ्या तयार फंक्शनांचा संच. कुणीही घ्यावा, आपल्या प्रोग्रामला जोडावा. त्यातलं एक फंक्शन नाव दिलं की त्या माणसाची नोंद शोधून द्यायचं. फार सोयीचं, म्हणून सगळ्यांचं लाडकं. पुढे बाईंच्या ध्यानात आलं, की एकाच नावाची दोन माणसं असली तर ते निमूटपणे पहिलं सापडेल ते हातात ठेवतं. मग त्यांनी नवं फंक्शन लिहिलं. ते नावाबरोबर जन्मतारीखही मागायचं.

"मग जुनं काढून टाक की, ताई," त्यांचा भाऊ म्हणाला.

"असं कसं काढू? ज्यांनी वापरलंय त्यांचं काम ठप्प होईल. आधी सांगायचं, सवड द्यायची, मग काढायचं."

ती सवड म्हणजे मी. पुढच्या आवृत्तीत जुन्या फंक्शनासोबत मीही जाणार होते. पण दर वेळी कुणी ना कुणी थोडं थांबा म्हणायचं, आणि बाई थांबायच्या.

एका कंपनीत दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. तिथे एक मुलगी नव्याने लागली होती. केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचून बसायची. पहिल्याच आठवड्यात तिने मला पाहिलं आणि तिच्या वरच्या सरांना विचारलं.

"सर, हे पिवळं काय येतंय?"

"वॉर्निंग गं. लाल आलं, काम अडलं, तर मला हाक मार. पिवळ्याकडे बघत बसलीस तर इथेच म्हातारी होशील."

सगळे हसले. तिने मात्र खुर्ची पुढे ओढली आणि मला शेवटपर्यंत वाचलं. असं माझ्या वाट्याला क्वचितच येतं.

"सर, एका नावाचे दोन पेशंट असले तर चुकीचं कार्ड उघडेल. बदलू का? जन्मतारखेचा एक रकाना वाढेल फक्त."

"फक्त? प्रत्येक दवाखान्यात जाऊन माणसं शिकवायला लागतील. शुक्रवारी द्यायचंय, नंतर बघू." मग जरा नरमाईने म्हणाले, "आणि ते पिवळं बंद करून टाक. लोकांना दाखवताना बरं दिसत नाही."

तिने एक आज्ञा लिहिली आणि माझं तोंड बंद झालं. त्याआधी तिने मला पुन्हा एकदा वाचलं, एवढं मी सांगू शकते.

एका दुपारी फोन आला. ऐकता ऐकता सर उभे राहिले. एका दवाखान्यात एकाच नावाच्या दोन बायका दाखल होत्या. एकीला एक इंजेक्शन चालत नव्हतं. तिच्या मुलाने आल्या आल्या ते सांगितलं होतं, नोंदही झाली होती. नर्सने नाव टाकलं. उघडलं ते दुसरीचं कार्ड. त्यावर कसलीच मनाई नव्हती. इंजेक्शन दिलं गेलं, आणि ती दगावली.

"मुलगा सारखं एकच विचारतोय," सर फोन ठेवून म्हणाले. "आम्ही सांगितलं होतं, मग ऐकलं कुणी नाही का?"

पेन्सिलवाली मुलगी रडत होती. "सर, आता तरी बदलूया. आजच बदलते."

"आत्ता बदललं तर चूक आपली होती असं होईल."

"होतीच ना!"

"हळू बोल."

नर्सला कामावरून काढलं. तिने नीट पाहिलं नाही, असं ठरलं. मुलीने नोकरी सोडली आणि जाताना लायब्ररीवाल्या बाईंना सगळं कळवलं. बाईंनी त्याच दिवशी जुनं फंक्शन काढून टाकलं.

मग चहूकडून लोक बाईंवर तुटून पडले. "आधी सांगायला काय झालं होतं?" असं ते विचारत होते. नवी आवृत्ती घेतलेल्या एका दवाखान्यात तर कुठलंच कार्ड उघडेना. दारात पेशंट खोळंबले, शस्त्रक्रिया थांबल्या. बाईंनी ते फंक्शन पुन्हा जागेवर ठेवलं, आणि शेजारी मला.

"तुझ्या हातात होतं तेवढं केलंस, ताई," भाऊ म्हणाला.

"माझ्या हातात होतं काय रे? एक पिवळी ओळ."

त्यानंतर त्यांनी ती लायब्ररी उघडलीच नाही.

आता मला काढणारं कुणी उरलेलं नाही. माझं मागणं एवढंच, की कुठे भेटले तर मला गप्प करू नका. वाचा, ते जुनं काढा, म्हणजे मीही सुखाने जाईन. असं म्हणते खरी, पण वाचणारे थोडे, आणि वाचल्यावर ज्यांना काही करू दिलं जातं ते त्याहून थोडे. त्या मुलीच्या खुर्चीवर आता दुसरं कुणी बसतं. परवा आणखी एका दवाखान्याचे डॉक्टर सॉफ्टवेअर बघायला आले होते. सरांनी नुसतं नाव टाकलं, कार्ड लगेच उघडलं.

"छान चालतंय हो," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे कधीपासून बसवताय?"