स्वच्छ धमन्या

छातीवर डाव्या अंगाला, केसांत अडकून राहिलेला चिकटपट्टीचा एक तुकडा... नखाने ओढला तसे दोन केस उपटून आले, आणि शर्टाची बटणं लावता लावता त्याला वाटलं, या डॉक्टरीणबाई काहीतरी राखून बोलताहेत.

"धमन्या अगदी स्वच्छ आहेत तुमच्या," त्या म्हणाल्या. घराण्यात हृदयविकार असलेल्यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. म्हणून तर त्याला बोलावलेलं. "या वयात इतक्या स्वच्छ क्वचितच दिसतात. वडील नक्की हृदयविकारानंच गेले ना? कुणी तपासलं होतं?"

"घरी तसंच सांगतात."

"तुम्ही आयुष्यभर जपलंत, म्हणूनही असेल."

जपलं — म्हणजे धावून कधी बस पकडली नाही, विशीतच मीठ सोडलं, जिना चढताना मध्ये थांबून मनगट चाचपलं; आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोने मुलाचा विषय काढला तेव्हा तिला सांगितलं, बाबा चाळिशीत गेले, मीही तसाच जाणार, मागे एक पोरकं पोर ठेवायचं नाही मला... ती तेव्हा रडली होती. पुढे तिने तो विषय काढलाच नाही.

घरी आला तेव्हा आई खिडकीपाशी उशीचा अभ्रा शिवत होती.

"आई, बाबांना नेमकं काय झालं होतं?"

"हार्ट. किती वेळा सांगायचं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या काकांनी."

काकांना एकदा विचारलं होतं, तर ते म्हणाले होते, आईला विचार. त्याला आठवलं ते न्हाणीघराचं दार — बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सुतार येऊन दाराला नवी कडी बसवत होता, आणि नऊ वर्षांचा तो ते चकचकीत स्क्रू बघत उभा होता. जुनी कडी का तुटली? आतून कडी लावून माणूस हृदयविकारानेही मरू शकतो की. मरतातच. मग आई सुईत दोरा ओवायला इतका वेळ का लावतेय... की डोळेच अधू झालेत तिचे, आणि मला मेल्याला सगळीकडे खोट दिसतेय?

"दार का तोडलं होतं तेव्हा?"

"उघडत नव्हतं म्हणून," आई म्हणाली. मान वर न करता.

बायको हात पुसत बाहेर आली. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

आईची सुई थांबली. सांगायला हवं होतं — काही नाही गं, ठणठणीत आहे मी. दोन शब्द. पण तिच्या कानशिलावरचे पांढरे केस दिसले, आणि ते दोन शब्द ऐकून ती मनाशी कोणता हिशेब मांडील ते त्याला लख्ख कळलं.

"जपायला सांगितलंय," तो म्हणाला.

"हं," बायको म्हणाली, आणि क्षणभर जास्तच बघत राहिली. हे सगळं निमित्तच असेल, हे तिला ठाऊक होतं का? पहिल्यापासूनच?

आई पुन्हा टाके घालू लागली. तो खुर्चीत बसला, सवयीने हात छातीवर गेला. आत ते शांतपणे, नेमाने चाललं होतं. आणि इतकी वर्षं आपण भ्यायलो ते खरोखर मरणालाच का, हे आता त्याला छातीठोकपणे सांगता येईना.