न सांगितलेला पिन

शिंप्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. जीभ थोडी जडावली, पण बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात राहिला आणि हट्ट तर होता तसाच राहिला. गेला तो डावा हात. सुईखाली कापड सरकवायला नेमका तोच लागतो. तो मांडीवर निपचित पडून असायचा. काजं-बटणं करून त्याच्या बायकोने दुकान उघडं ठेवलं होतं, पण कोट शिवावेत ते त्यानेच.

रोज सकाळी ती त्याला चाकाच्या खुर्चीतून फिजिओथेरपीला आणायची. तिथल्या ताई त्याच्या डाव्या मुठीत रबरी चेंडू द्यायच्या, बोटं चोळायच्या, गोड बोलून पाहायच्या, दरडावूनही पाहायच्या. हात ढिम्म हलत नव्हता. वाट पाहू या, असं ताई म्हणायच्या, आणि ते ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

आज फी भरायची होती आणि ती स्वतःचं कार्ड घरी विसरली होती. नवऱ्याचं डेबिट कार्ड पिशवीत होतं, पण पिनच्या बाबतीत तो तिला ताकास तूर लागू देत नसे. या कार्डाचे पैसे थेट आपल्या खात्यातून जातात, तेव्हा पिन बायकोलाही सांगायचा नाही, हे त्याचं ठरलेलं भाषण. इतकी वर्षं संसार केला आणि चार आकड्यांपुरता विश्वास नाही, याचा तिला मनापासून राग यायचा.

आत जाऊन त्याला विचारणं तिच्या जिवावर आलं. तिने कार्डाच्या मशीनवर लग्नाची तारीख दाबली. चूक. मग स्वतःची जन्मतारीख, आणि ती दाबताना जराशी लाजलीही. तीही चूक. आणखी एकदा चुकलं तर कार्ड बंद पडेल, असं काउंटरवरच्या मुलीने बजावलं. बायकोचा पारा चढला, तो काही कार्डापायी नव्हे.

तिने खुर्ची तरातरा ढकलत काउंटरशी आणली. काय झालं म्हणून ताईही मागोमाग आल्या.

"लग्नाची तारीखसुद्धा नाही ठेवलीत?"

"ती चोरालाही सुचेल," तो म्हणाला. "मशीन इकडे दे."

मुलीने मशीन त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने आधी रक्कम नीट वाचली. सांगत नाही ना, मग बघतेच, असं मनाशी म्हणत बायको मुद्दाम खाली वाकली. त्याचं उजवं बोट पहिल्या आकड्याकडे गेलं, आणि तेवढ्यात डावा हात थरथरत उचलला गेला. वीतभरही नाही. घसरला, पुन्हा सरकला आणि वेडावाकडा होऊन बटणांवर आडवा आला. तिला आकडे दिसेनासे झाले.

त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. तो आपला पिन दाबण्यात गुंग होता. ताईंनी बायकोचा दंड घट्ट धरला. मशीनमधून पावती सरकत बाहेर आली.

"बघू नकोस," तो मान वर न करता म्हणाला.

"नाही बघत," ती म्हणाली, आणि त्या हाताकडे बघतच राहिली.