घाईत लिहिलेले नाव

मी एक जुना फळा आहे. खऱ्या पाटीच्या दगडाचा, लाकडी चौकटीतला, एक कोपरा उडालेला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, फळ्याला कसले आले चरित्र? सकाळी लिहायचे आणि संध्याकाळी पुसायचे. पण माझ्यावरचा मजकूर गेली साठ वर्षे कोणी पुसलेला नाही. फक्त एकदा एक नाव पुसले, आणि ते पुसूनही गेले नाही. त्या नावापायी एक भला माणूस छत्तीस वर्षे दाराबाहेर बसून राहिला.

माझा दगड बेर्गामोच्या वरच्या खोऱ्यातला. खाणीतून मला थेट सांता कातेरीना पेठेतल्या शाळेत आणले. तिथे मी बेरजा-वजाबाक्या सोसल्या, मुलांनी काढलेली बाईंची चित्रे सोसली. पुढे शाळेत गुळगुळीत हिरवे फळे आले आणि मी जिन्याखाली गेलो. शेजारच्या बारचा मालक झावेरिओ याने मला तिथे पाहिले. दोन लांब सॉसेज मुख्याध्यापकांच्या हाती ठेवली आणि मला उचलून आणले. अशी माझी किंमत झाली.

झावेरिओच्या बारमध्ये लोक सकाळी उभ्याउभ्या कॉफी प्यायचे, दुपारी पत्ते कुटायचे आणि संध्याकाळी वाइनचा पेला पुढ्यात घेऊन फुटबॉलवर भांडायचे. माझ्यावर त्याने लिहिले होते : ‘आज पोलेंता आणि ससा.’ पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. पण तो पोलेंता माझ्यावर आठवडाभरसुद्धा टिकला नाही. १९६३ च्या मे महिन्याची बावीस तारीख होती. मिलानने लंडनमध्ये युरोपचा कप जिंकला. इटलीतल्या कोणत्याही क्लबने तो मोठा कप त्याआधी जिंकला नव्हता. पेठेतला न्हावी फेर्मो तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि मिलानसाठी जीव टाकायचा. तो हाताला साबणाचा फेस तसाच ठेवून धावत आला, स्टुलावर चढला आणि पोलेंता पुसून त्याने माझ्यावर लिहिले : मिलान, १९६३.

“उतर खाली,” झावेरिओ म्हणाला. “लिहायचंच तर नीट लिहू. फिओरेंतिना क्लबनं दोन वर्षांमागे युरोपचा धाकटा कप आणलाय. तो आधी.”

त्या दिवशी माझे नियम ठरले. इटलीचा कोणताही क्लब युरोपात जिंकला की त्याचे नाव माझ्यावर चढणार. ज्याचा संघ जिंकला त्यानेच लिहायचे. सामना संपल्याची शिट्टी होईपर्यंत खडूला कोणी हात लावायचा नाही, नाहीतर त्या संघाला अपशकुन. आणि ज्या घुबडाने सर्वांत जास्त वाईट चिंतले, त्याने लिहिणाऱ्याचे स्टूल धरायचे. घुबड म्हणजे रात्री उडणारे नव्हे बरे का. दुसऱ्याचा संघ हरावा म्हणून मनातल्या मनात मंत्र म्हणणाऱ्याला आमच्याकडे घुबड म्हणतात, आणि आमच्या बारमध्ये तर प्रत्येक खुर्चीवर एकेक बसलेले असे.

पुढच्याच दोन वर्षी इंटरने तो कप लागोपाठ जिंकला. फेर्मोने दोन्ही वेळा दात ओठ खात स्टूल धरले. मग पुन्हा मिलान, मग युव्हेंतुस. १९८५ साली मात्र युव्हेंतुसचे नाव लिहिताना कोणी हसले नाही, कोणाला घुबड म्हटले नाही. त्या दिवशी ब्रसेल्सच्या मैदानावर एकोणचाळीस माणसे मेली होती. त्या ओळीभोवती झावेरिओने हाताने एक चौकट काढली.

आता तुम्ही विचाराल, आमच्या बेर्गामोचे काय? आमचा संघ अतालांता. त्याला आम्ही ‘देवी’ म्हणतो. देवी कधी वरच्या गटात, कधी खालच्या. युरोप तिच्यासाठी दूरचा मुलूख. पण १९८८ साली एक नवल घडले. देवी दुसऱ्या गटात खेळत होती आणि तरीही युरोपच्या धाकट्या कपाच्या उपांत्य फेरीत जाऊन पोचली. समोर बेल्जियमचा मेखेलेन. तिकडे आम्ही एक विरुद्ध दोन असे हरून आलो होतो. पण बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचा गोल भारी धरत, म्हणून इकडे एक-शून्याने जिंकलो तरी अंतिम सामना आमचा.

बुधवार होता. सारे गाव मैदानावर लोटले होते. बारमध्ये तिकीट न मिळालेले चार-दोन जण होते, आणि बोर्तोलो. हा बोर्तोलो गवंडी. मनाने लोण्यासारखा मऊ, देवीचा वेडा भक्त. महिनाभरापूर्वी परांचीवरून पडून त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. मैदान आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गोल झाला की आधी भिंत हादरायची आणि मग रेडिओवाला ओरडायचा. पहिला अर्धा संपायच्या थोडे आधी भिंत हादरली. देवीचा गोल!

मध्यंतर झाले. झावेरिओ वाइन आणायला तळघरात उतरला. बाकीचे दारात जाऊन मैदानाकडे कान देऊन उभे राहिले. आत राहिले बोर्तोलो, फेर्मो आणि मी.

“काय रे गवंड्या,” फेर्मो म्हणाला, “रडतोस का?”

“रडत नाही. घाम आलाय.”

“डोळ्यांतून? अरे, अंतिम सामन्यात पोचलात तुम्ही! उपांत्य जिंकल्यावर कप काय, घरचाच. लिही की नाव.”

“शिट्टी होऊ दे.”

“शिट्टी होईल तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसेल. प्लास्टर घेऊन कसा चढशील? आत्ता चढ. स्टूल मी धरतो. कोण बघतंय?”

मी बघत होतो. फेर्मोच्या ओठाचा कोपरा हलत होता तोही मी पाहिला. हा घुबडाचा डाव होता. पण बोर्तोलोला आनंदाने काही सुचत नव्हते. तो एका पायावर स्टुलावर चढला. खडू सापडेना, म्हणून त्याने भिंतीवर खुणा करायचा आपला टणक दगडी खडू खिशातून काढला आणि उजव्या कोपऱ्यात इतके दाबून लिहिले की माझ्या अंगावर चरे उठले : अतालांता.

उत्तरार्धात बेल्जियमवाल्यांनी बरोबरी केली. शेवटच्या दहा मिनिटांत आणखी एक गोल केला. या वेळी भिंत हादरली नाही. मैदान इतके गप्प झाले की रेडिओची खरखर ऐकू येत होती. झावेरिओने वर पाहिले आणि त्याला ते नाव दिसले.

“कोणी लिहिलं हे?”

“मी,” बोर्तोलो म्हणाला.

फेर्मो काहीच बोलला नाही.

झावेरिओने ओला फडका घेऊन मला घासघास घासले. खडू गेला, चरे राहिले. “बोर्तोलो,” तो म्हणाला, “आजपासून देवी युरोपात खेळेल तेव्हा तू बाहेरच्या बाकावर बसायचं. आत पाऊल टाकायचं नाही. कळलं?”

रागाच्या भरात बोललेले ते वाक्य होते. महिन्याभरात झावेरिओ ते विसरलाही असता. पण बारमधल्या लोकांना तोंडी लावायला चांगले मिळाले. जो येईल तो म्हणे, “बोर्तोलो, पुढच्या रविवारचा निकालही आजच लिहून टाक!” बोर्तोलो हसायचा. पण त्याने ते मनाला लावून घेतले होते. सारे गाव आपल्यामुळे रडले, असे त्याला खरोखर वाटत होते.

आणि मित्रांनो, दैवाची थट्टा बघा. त्यानंतरच माझे वैभवाचे दिवस आले. पुढच्याच वर्षी नापोली. १९९० च्या मे महिन्यात तर लागोपाठ तीन बुधवारी तीन कप इटलीत आले. साम्पदोरिया, युव्हेंतुस, मिलान. युरोपचे तिन्ही कप, मोठा, धाकटा आणि तिसरा, एका देशाच्या घरात! स्टुलाचा एक पाय त्या महिन्यात मोडला. मग इंटर, मग पार्मा. पार्मा म्हणजे चीज आणि हॅमचे गाव, पण त्यानेही एकामागून एक कप नेले. तो तिसरा कप तर अकरा वर्षांत आठ वेळा आमच्याकडे आला. कधी कधी अंतिम सामन्यात दोन्ही संघ इटलीचेच असत, मग घुबडांनी कोणाचे वाईट चिंतावे तेच कळत नसे. परगावचे लोक मला बघायला यायचे. मला तेव्हा काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

पण उजवा कोपरा रिकामाच राहिला. जागा कमी पडू लागली, अक्षरे मुंगीएवढी झाली, तरी त्या चऱ्यांवर कोणी लिहीना. आणि देवी युरोपात खेळली की बोर्तोलो बाहेरच्या बाकावर, दाराकडे पाठ करून. थोड्या वेळाने फेर्मोही आपला पेला घेऊन बाहेर यायचा आणि त्याच्या शेजारी बसायचा. लोक म्हणायचे, न्हावी तोंडाने फटकळ आहे पण मनाने चांगला आहे. त्याला काय सलते आहे ते मला माहीत होते.

२०१० च्या बावीस मेला इंटरचे नाव चढले. त्यानंतर वर्षामागून वर्षे कोरडी गेली. स्पेनवाले जिंकत, इंग्लंडवाले जिंकत, आमच्याकडे लिहायला काही नसे. झावेरिओची मुलगी ओर्नेल्ला आता बार बघत होती. तिने माझ्या खिळ्यावर मोठा टीव्ही लावला आणि मला बाजूच्या कोठीत, बाहेरच्या बाकावर उघडणाऱ्या खिडकीपाशी, बाटल्यांच्या खोक्यांआड ठेवले. तिचा राग नाही मला. पण तिथे माझ्यावर धूळ बसली तेव्हा मला फार एकटे वाटले.

२०२० च्या वसंतात बेर्गामोवर कोरोना कसा कोसळला ते सगळ्या जगाने पाहिले. झावेरिओ त्या मार्चमध्ये गेला. इस्पितळातून त्याने फोनवर मुलीला दोनच गोष्टी सांगितल्या : कॉफीच्या यंत्राची जाळी बदल, आणि बोर्तोलोला म्हणावे, आत बस. ओर्नेल्लाने तो निरोप कोठीच्या खिडकीखालच्या बाकावर बसलेल्या बोर्तोलोला दिला, तेव्हा मी ऐकला.

“चांगला होता तुझा बाप,” बोर्तोलो डोळे पुसत म्हणाला. “पण पोरी, मी बाहेरच बरा. परत काही झालं तर?”

आणि मग आला २०२४ चा मे. देवी युरोपच्या त्या तिसऱ्या, आता दुसऱ्या मानाच्या झालेल्या कपाच्या अंतिम सामन्यात पोचली. समोर जर्मनीचा लेव्हरकुसेन, एक्कावन्न सामन्यांत न हरलेला. बारमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर बाकावर शहात्तर वर्षांचा बोर्तोलो आणि एकोणऐंशीचा फेर्मो.

“बावीस मे आहे आज,” फेर्मो म्हणाला. “मिलाननं पहिला कप आणला तो याच तारखेला. युव्हेंतुसनं शहाण्णव साली, इंटरनं दहा साली, तेही—”

“तोंड बंद ठेव!”

आतून एकदा आरोळी आली. मग दुसरी. बोर्तोलोने टोपी डोळ्यांवर ओढली. तिसऱ्या आरोळीला ओर्नेल्ला धावत बाहेर आली. “बोर्तोलोकाका! तीन-शून्य! तिन्ही गोल एकट्यानं मारले! पंधरा मिनिटं राहिलीत, चला आत!”

“पंधरा? बेल्जियमवाल्यांना दहा पुरली होती. जा आत तू. दार लावून घे.”

शिट्टी झाली तेव्हा पेठेतल्या साऱ्या घंटा आणि भोंगे एकदम वाजू लागले. बोर्तोलो मात्र जागचा हलला नाही. फेर्मोने त्याला हाताला धरून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओर्नेल्लाने मला खोक्यांआडून काढले, टीव्ही बाजूला केला आणि माझ्या जुन्या खिळ्यावर टांगले. आधी तिने स्वतः लिहिले : रोमा, २०२२. ते राहून गेले होते, आणि आमच्या पेठेत रोमाचा माणूस एकही नाही. मग सगळे वाट बघत उभे राहिले. बोर्तोलो दारात आला, तो थेट उंबऱ्यावर थांबला.

“पेपरात आलंय?”

ओर्नेल्लाने खेळांचे गुलाबी वर्तमानपत्र उघडून मोठ्याने वाचले. अतालांता तीन, लेव्हरकुसेन शून्य.

“आता बदलणार नाही ना?”

“नाही काका. छापलंय.”

तो आत आला. ओर्नेल्लाने फडका ओला करून आणला, पण त्याने तिचा हात धरला. “ते जुनं असू दे.” मग स्टुलाकडे पाहिले. “कोण धरणार? घुबड कोण होतं काल?”

“काल कोणी नव्हतं,” फेर्मो पुढे येत म्हणाला. “अठ्ठ्याऐंशी साली होतं. मी होतो.” “ऐका रे सगळे. यानं आपणहून नाही लिहिलं. मी चढवलं त्याला. तुमचं वाईट व्हावं म्हणून चढवलं, स्टूलही मीच धरलं. आणि झावेरिओनं विचारलं तेव्हा गप्प बसलो.”

बोर्तोलो त्याच्याकडे वळला.

“मला काय ठाऊक नव्हतं, गाढवा? हसत होतास तू तेव्हा. स्टूल हलत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तूही बाहेर बसला असतास. मग एका बाकावर दोन गाढवं.”

“बसलोच होतो की मी!”

“म्हणून तर नाही बोललो. धर आता नीट. मी म्हातारा झालोय.”

फेर्मोने दोन्ही हातांनी स्टूल धरले आणि कपाळ त्याला टेकवले. बोर्तोलो चढला. खिशातून तोच टणक खडू काढला आणि माझ्या अंगावरच्या जुन्या चऱ्यांतून, एकेक अक्षर गिरवत, नाव लिहिले. चऱ्यांनी त्याचा हात वाकडा जाऊ दिला नाही. साठ वर्षांत माझ्यावर पुष्कळ मोठी नावे चढली. त्या सकाळी मला जे वाटले ते पूर्वी कधी वाटले नव्हते.

मित्रांनो, आता मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे आणि टीव्ही शेजारच्या भिंतीवर. बोर्तोलो बरोबर माझ्याखाली बसतो आणि मिलानचा सामना असला की मोठ्या भक्तिभावाने वाईट चिंततो. बाहेरचे बाक मात्र रिकामे असते, आणि ते पाहून माझा जीव थोडा तुटतो. म्हणून तुम्हाला एकच मागणे आहे. जुने काही पुसायला घ्याल तेव्हा आधी ते वाचून पाहा. आणि रागाच्या भरात किंवा थट्टेत कोणाला बाहेर बसवले असेल, तर कप जिंकण्याची वाट पाहू नका. आजच त्याला आत बोलवा.