हाक आली की निघणारी होडी

त्या दिवशी धुकं असं दाटलं होतं, की माझं एक टोक दुसऱ्या टोकाला दिसत नव्हतं. वारा पडलेला, नदी गप्प. मी होडी. अलीकडं गाव, पलीकडं बाजार, आणि या दोघांच्या मध्ये सारा जन्म गेला माझा.

म्हाताऱ्या नावाड्यानं मला आपल्या हातानं घडवलं. फळ्यांच्या फटीत चिंध्या ठोकल्या, वरून डांबर दिलं, आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता बुडालीस तर माझं नाक कापलं जाईल बरं का!"

पुढं वल्हं त्याच्या धाकट्या भावानं घेतलं. दोघांचा नेम एकच. पलीकडून हाक आली की निघायचं. कोण, कशाला, विचारायचं नाही. काठावर माणूस ताटकळत ठेवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

माझ्यातून भाजी गेली, कोंबड्या गेल्या, शेजारच्या कुंभारणीची मडकी गेली. परतताना मीठ, तेल, औषध यायचं. माणसं जागेवरून भांडायची आणि उतरताना एकमेकांना हात द्यायची. गंमतच वाटायची मला.

तर त्या धुक्यात हाक आली. "नावाडीबुवाऽ, न्या होऽ!"

"जा रे, घसा ताणतोय बिचारा," म्हातारा म्हणाला. "उपाशी असेल."

"उपाशी माणूस एवढा ओरडतो होय, दादा?" धाकटा हसला आणि निघाला.

पलीकडं बंदूकवाले उभे होते. ते चढले, तशी मी माझ्या कडांपर्यंत पाण्यात गेले. एकानं धाकट्याच्या मानेला नळी लावली. "गावाकडं चल."

धाकटा वल्हवू लागला. भर धारेत आल्यावर त्यानं वल्हं सोडून दिलं. मुद्दाम. ते वाहत धुक्यात दिसेनासं झालं. मग गोळ्या सुटल्या. त्याचं रक्त माझ्या तळाशी साचलं, आणि भोकांतून नदी आत आली.

तरी त्यांनी बंदुकीच्या दस्त्यांनी पाणी मारत मला काठाला लावलंच. घरं पेटवली. धान्य नेलं, गुरं नेली. आडवा आला त्याला मारलं. कुंभारणीचा नवरा भट्टीपाशीच पडला.

ते गेले, पण भीती इथंच राहिली. तेव्हापासून कोणी नदी ओलांडत नाही. भाजी मळ्यात सडली, म्हणून पुढं कोणी लावलीच नाही. मीठ संपलं, औषध संपलं. तापलेलं पोर आईच्या मांडीवरच जातं. धडधाकट माणसं वाट फुटेल तिकडं गेली.

म्हाताऱ्यानं माझी भोकं बुजवली, डांबर दिलं, आणि मला काठावर पालथं घातलं. माझ्याखाली कोंबड्या बसायच्या; त्याही खाऊन झाल्या. मी लाकूडच, चुलीला चालेन. पण बाबांनो, असं पालथं ठेवू नका मला.

आज पुन्हा तसंच धुकं आहे. आणि पलीकडून हाक येतेय. आवाज बाईचा आहे, पण तेव्हाचा आवाजही साधाच होता. नवं वल्हं मांडीवर घेऊन म्हातारा माझ्या पाठीवर बसलाय, दोन्ही कान गच्च दाबून.

कुंभारीण डोक्यावर मडकी घेऊन आली. त्याचा एक हात तिनं कानावरून बाजूला केला.

"उठा भाऊजी. पुढं मडकी रचते, त्यांच्यामागं मी बसते. गोळी आलीच तर आधी मडकी फुटू देत. नाहीतरी घरात त्यांच्यात शिजवायला आहे काय?"