मामांचा सूर माझ्या दारात मावला नाही

मी एक फिल्टर बोलतोय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आधीच माफी मागतो. मी शाळेत गेलेलो नाही, त्यामुळे शब्दही साधेच येतील.

फिल्टर म्हटलं की लोकांना पाणी आठवतं. मी त्यातला नाही. मी हौशी रेडिओवाल्यांच्या संचात बसतो. हवेत एकाच वेळी कितीतरी जण बोलत असतात. त्यातल्या एकाला आत घ्यायचं आणि बाकीच्यांना बाहेर उभं करायचं, हे माझं काम.

माझ्या पोटात स्फटिकाच्या पातळ चकत्या आहेत. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा फारच काटेकोर निघाला." मला ते कौतुक वाटलं. अजूनही वाटतं.

दुकानात आम्ही तिघे शेजारी होतो: रुंद दाराचा, मधला आणि सगळ्यात बारीक दाराचा मी. एके दिवशी शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक तरुण आला. बराच वेळ तो काचेकडेच बघत राहिला.

"कुणाला ऐकायचंय?" दुकानदाराने विचारलं.

आता सांगायचं होतं ते इतकंच. त्याच्या मामांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. भाच्याला मोर्स, म्हणजे टकटकीची लिपी, त्यांनीच शिकवली होती, आणि आता रोज संध्याकाळी रेडिओवर दोघांचं बोलणं व्हायचं ते तेवढ्या टकटकीवर. पण मामांचा सूर क्षीण, आणि आजूबाजूचे दांडगे त्याच्यावर चढून बसायचे. हे सांगितलं असतं तर दुकानदाराने दोन प्रश्न विचारून मधला काढून दिला असता. पण भाचा लाजाळू. कान लाल करून म्हणाला, "सगळ्यात बारीक द्या."

आणि मी त्याच्या घरी आलो.

पहिल्याच संध्याकाळी मी गोंगाट असा तोडला की खोलीत चिडीचूप झालं. भाच्याची मोठी बहीण दारातून म्हणाली, "बंद पडला का रे?"

"नाही ताई. याला म्हणतात फिल्टर."

मग मामा आले. स्वच्छ, एकटे. 'तुला एक गोष्ट सांगायची' एवढं म्हणाले आणि थांबले. भाचा वाट बघत राहिला. विचारलं, पुन्हा विचारलं. काहीच नाही. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. दोन शब्द, आणि मध्येच शांतता.

भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, मामा बोलता बोलता कोसळले बहुतेक."

"काल पण कोसळले होते ना? मग आज उठून दोन शब्द बोलून परत कोसळले?"

"थट्टा नको गं."

त्याने चपला घातल्या. ताईने त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि मामांच्या शेजारणीला फोन लावला.

"मामा ना? ठणठणीत आहेत की," शेजारीण म्हणाली. "समोरच बसलेत, त्या टकटकीच्या खटक्यावर बोटं आपटतायत. चेहरा मात्र असा केलाय, जसं कुणी जेवत्या ताटावरून उठवलंय. थांबा, फोन जवळ धरते."

ताईने फोन भाच्याच्या कानाला लावला. एका कानात मी, शांत. दुसऱ्या कानात खटक्याची टकटक. त्याने अक्षरं जुळवली: 'गाढवा, रुसलास का?'

म्हणजे मामा बोलत होते. मीच त्यांना आत घेत नव्हतो.

त्याचं असं होतं. मामांचा ऐकायचा रेडिओ चांगला, कारखान्यातला, भाच्याच्या रेडिओच्याच कंपनीचा. पण बोलायचा संच त्यांनी घरी जुळवलेला. तो तापला की त्याचा सूर हळूहळू सरकायचा. रुंद दारात इकडचा तिकडे झाला तरी आतच राहायचा. माझ्या दारात दोन शब्दांनंतर तो चौकटीबाहेर जायचा. मी नियमाने वागलो. मला कुणी सांगितलं नव्हतं की सरकणारा माणूस घरचा आहे.

भाच्याने स्टेशन लावायचं मोठं बटण केसभर फिरवलं. मामा तिथेच होते.

"काखेत कळसा," ताई म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. मामांना सांगायची होती ती गोष्ट म्हणजे मांजराला पिल्लं झाली होती.

आज मी मामांच्या रेडिओत आहे. भाच्याचा संच सरकत नाही, त्यामुळे इथे माझा काटेकोरपणा कामी येतो. रोज संध्याकाळी मी एकाच माणसाला आत घेतो. भाच्याने स्वतःसाठी नंतर मधला आणला. तुम्हाला एकच विनंती आहे. आमच्यातला कुणी घ्यायला गेलात तर लाजू नका. पलीकडे कोण आहे, ते दुकानदाराला सांगा.

मला इथे आणलं ते त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. भाचा मला खिशात घालून बसने आला, मामांचा रेडिओ उघडला आणि मला आत बसवलं. मग दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले. भाच्याला बोलता येतं, आणि मामांना ऐकू येतं. तरी त्याने चहाचा चमचा उचलला आणि टेबलावर टकटक करून मामांना सांगितलं, की तो फार घाबरला होता.