तीनच्या भोंग्याआधी

आर्व्हिडने चित्रपटाची चकती यंत्रात सरकवली, तळघरात बसलेल्या चौदा डोक्यांवरून नजर फिरवली आणि बोट उगारलं.

"संपल्यावर लगेच कुणी उठायचं नाही. दिवे मी लावीन."

"अकरा वर्षं आम्ही हेच ऐकतोय," डोलोरेस म्हणाली. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई दर शनिवारी वाचनालयाच्या या चित्रपट मंडळात पहिल्या रांगेत बसायची, ती मुख्यतः आर्व्हिडशी भांडायला.

मंडळ त्याचंच होतं. कागद गिरणीत चाळीसहून जास्त वर्षं काढून बाहेर पडल्यावर त्याने ते सुरू केलं. चित्रपट तो निवडायचा, आधी तो बोलायचा आणि नंतरही बहुतेक तोच. नवे चित्रपट त्याच्या डोक्यात जायचे. नायक शिंकला तरी तो का शिंकला हे सांगायला मागे पन्नास वादक बसवतात, असं त्याचं म्हणणं. तीन तास चालतात, तीनदा संपतात आणि श्रेयनामावली सरकल्यावर पुन्हा डोकं वर काढतात. डोलोरेसला तेच आवडायचं. "दोन तास कुणीतरी जग वाचवतंय, यात वाईट काय?" ती विचारायची. हल्ली या वादाचा त्यालाही शीण यायला लागला होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तेच तेच किती वेळा सांगायचं?

म्हणूनच आजचा दिवस त्याला हवा होता. 'धरणाखालचं घर' कुठे मिळतच नव्हता. टीव्हीवरही कधी लागला नाही. एका संग्रहालयाला त्याची प्रत सापडली, ती धुऊनपुसून आता विकायला आली होती. बुडणार असलेल्या गावात एक बाई हरवलेल्या नवऱ्याची वाट पाहत राहते. पाणी अंगणात येतं. ती टेबलावर दोन ताटल्या मांडते, आणि संपलं. तो येतो की नाही, सांगतच नाहीत. "शेवट म्हणतात तो याला," आर्व्हिड अकरा वर्षं सांगत आला होता. आज सगळे तो डोळ्यांनी पाहणार होते. आणि मागच्या रांगेत, मंडळात पहिल्यांदाच, त्याची बायको लेम्पी बसली होती. गुडघा दुखतोय, तूच जा, असं ती सकाळपासून म्हणत होती. पण हा चित्रपट दोघांनी लग्नाआधी एकत्र पाहिलेला. त्याने ऐकलं नाही.

बाईने दोन ताटल्या मांडल्या. आर्व्हिडचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

पडदा काळा झाला नाही. दार वाजलं. बाई धावली. दारात भिजलेला नवरा उभा होता, आणि व्हायोलिनं सुरू झाली. पुढची नऊ मिनिटं तो रडला, ती रडली, दोघं एका होडीत बसले आणि वर सूर्यही उगवला.

दिवे लावायचं आर्व्हिडला सुचलंच नाही. डोलोरेसनेच उठून लावले. तिचे डोळे ओले होते.

"अरे, हा तर परत आला! एवढी वर्षं आम्हाला उगाच छळलंस होय रे?"

लोक हसले. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं.

"हे मागाहून जोडलंय कुणीतरी," आर्व्हिड म्हणाला.

डोलोरेसने चकतीच्या डबीतलं पुस्तक उघडून चष्मा नाकावर चढवला. "प्रदर्शित झाला त्या दिवसापासून लांबी चौऱ्याण्णव मिनिटंच, आजच्याइतकीच, असं लिहिलंय इथे."

एरवी चर्चा तासभर चालायची. आज त्याने खुर्च्या आवरायला घेतल्या. लोकांनी लेम्पीने आणलेल्या वेलदोड्याच्या पावाचे उरलेले तुकडे उचलले आणि कोट चढवले.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. काचेवर बर्फाची भुकटी साचत होती.

"कुणीतरी घुसडलंय ते," तो पुन्हा म्हणाला.

"नाही रे," लेम्पी म्हणाली. "आपल्या गावातला थिएटरवाला शेवटचं रीळ लावायचाच नाही, खेळ उशिरा सुरू झाला की. तीनच्या पाळीच्या भोंग्याला तुम्हा लोकांना गिरणीच्या फाटकात हजर व्हायचं असायचं ना."

"तुला काय ठाऊक?"

"मी आधी डुलूथ शहरात पाहिला होता. बहिणीबरोबर. दोनदा."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलणार होते. पण त्या दिवशी तू सकाळपासून थंडी किती आहे याखेरीज शब्द काढला नव्हतास. मला वाटलं, हे काही जमायचं नाही. मग थिएटरात दिवे लागले आणि तू त्या दोन ताटल्यांवर सुटलास. फाटकापर्यंत तोंड मिटलं नाहीस. भोंगा झाला तरी बोलतच होतास. मुकादमाने हाक मारली तेव्हा कुठे आत गेलास."

"मग?"

"मग लग्न झालं."

आर्व्हिडला राग यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात बळ लागतं. त्याला फक्त फार थकल्यासारखं झालं. सत्तावन्न वर्षं, पाहुण्यांसमोर, मुलांसमोर, त्याने दोन ताटल्यांचं कौतुक केलं होतं, आणि दर वेळी ही शेजारी बसून मान हलवत होती.

"तुला कुठला शेवट आवडतो?" त्याने विचारलं.

"तो परत येतो तो." ती जराही थांबली नाही. "व्हायोलिनंसुद्धा."

वाचनालयातून डोलोरेस बाहेर आली, दोघांना हात करून आपल्या गाडीकडे गेली. त्याने हात वर केला नाही.

"आणखी कशाकशाला मान हलवलीस?"

लेम्पीने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"बरंच आहे," ती म्हणाली.

"सांग."

"आधी हीटर लाव. पाय गारठलेत माझे."

त्याने गाडी सुरू केली. घर सात मिनिटांवर होतं. चौकात आल्यावर तो क्षणभर थांबला, आणि तळ्याला वळसा घालणाऱ्या लांबच्या रस्त्याला लागला.